‘पुस्तकी सल्ला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॉम्प्युटरवर खेळताना स्क्रीन मध्येच काळी पडते, त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चार वाक्यं लिहिलीत. डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या प्रोग्रॅमने) ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मुळापासून काढायची गरज नसते, इन्स्टॉलरमधलं क्लीन इन्स्टॉल (जुना ड्रायव्हर पुसून नवा टाकणं) पुरतं; रिफ्रेश रेटचा (मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याचा) उल्लेख राहिला; व्ही-सिंकचा (खेळाची चित्रं मॉनिटरच्या वेगाशी जुळवणाऱ्या सोयीचा) भाग अर्धवट आहे; आणि शेवटी, ‘स्वतः कधी मशीन न उघडलेल्याने असला पुस्तकी सल्ला देऊ नये.’

रिफ्रेश रेटचं मान्य. १४४ हर्ट्झचा मॉनिटर लावला तरी विंडोज कित्येकदा ६० वरच राहतं आणि ते अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन बदलावं लागतं. हे लिहायला हवं होतं, आता जोडलंय.

पण ते शेवटचं वाक्य मला लागलं. मी काय उघडलंय आणि काय नाही, हे तुम्हाला कुठून कळलं? पहिलं ग्राफिक्स कार्ड बसवलं त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून घरातली आणि मित्रांची मशीनं मीच उघडतो. एकदा एका कंपनीचं कार्ड काढून दुसरीचं बसवलं. क्लीन इन्स्टॉलवर खूण केली होती, अगदी तुम्ही सांगता तशी. तरी खेळ सुरू केला की दहा मिनिटांत स्क्रीन काळी, मग परत चित्र, आणि ड्रायव्हर थांबून पुन्हा सुरू झाल्याचा निरोप. कार्डाने साधारण दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने चालू करतं, हे मी तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाच्या नोंदी वाचत शिकलो. पॉवर सप्लाय बदलला. रॅम काढून घातली. कार्ड मित्राच्या मशीनला लावलं, तर तिथे ते छान चाललं! चौथ्या रात्री सेफ मोडमध्ये (त्यात विंडोज अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालतं) डीडीयू चालवलं, जुन्या कार्डाचे अवशेष गेले आणि खेळ पहाटेपर्यंत एकदाही अडला नाही. क्लीन इन्स्टॉल त्या त्या कंपनीचाच पसारा आवरतं, दुसरीच्या ड्रायव्हरला हात लावत नाही. हे मी चार रात्री जागून शिकलोय. त्याला पुस्तकी म्हणणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं.

शिवाय ऊठसूट डीडीयू चालवा, असं मी म्हटलेलंच नाही. ‘साधा ड्रायव्हर टाकूनही भागलं नाही तर’ हे शब्द लेखात आहेत. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नाहीत, एवढंच मला दिसतं. शंका म्हणून विचारलं असतंत तर मी सविस्तर सांगितलं असतं. माणसाची लायकी काढून कुणी काही विचारतं का?

व्ही-सिंकवर इथे वाद घालत नाही. तो लेखाचा विषय नव्हता.

आणि डीडीयू वापरून पाहणारच असाल, तर नवा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा आणि इंटरनेट तोडा. नाहीतर विंडोज अपडेट मधल्या मध्ये स्वतःकडचा ड्रायव्हर टाकतं आणि सगळी मेहनत वाया जाते. हेही लेखात आहे, तिसऱ्या परिच्छेदात.