ढगळपणाचे माप

सैल कपड्याला माप लागत नाही, हा समज आपल्याकडे फार जुना आहे आणि ज्यांनी कधी सुईत दोरा ओवलेला नाही, त्यांनी तो मोठ्या निष्ठेने जपलेला आहे. अंगाबरोबर बसणारा कपडा बिघडला, तर तो अंगात शिरतच नाही आणि प्रकरण तिथेच मिटते. ढगळ कपडा मात्र हटकून अंगात शिरतो आणि मग तो ढगळ आहे की बेढब, याचा निकाल देण्यासाठी घरातले एकूण एक माणूस हातातले काम टाकून येते. साडेतीन वर्षांच्या भाचीसाठी हॅरम पँट, म्हणजे एक घोळदार विजार, शिवण्याचे काम मी अंगावर घेतले, तेव्हा हे सगळे मला ठाऊक होते. पण आत्या या नात्याला नकाराधिकार नाही. बारशाची कुंची आणि अंगडे-टोपडे मी विकत न आणता हाताने शिवून नेले होते आणि तेव्हापासून वहिनी चारचौघांत "आमच्या वन्संना शिवणाची भारी आवड" असे म्हणाली, की पुढचे काम ठरले आहे असे मी समजते.

या वेळी तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. फोटोत हळदी रंगाची, कंबरेला आणि घोट्याला नेटकी आणि मधे भरपूर घोळदार अशी एक विजार होती, आणि तिच्या आत एक गोंडस मूल उभे होते. ते उभे होते, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते असे वहिनीचे म्हणणे असेल. मला ते तेव्हाच खटकले. आमची भाची झोपेतसुद्धा एका जागी राहत नाही. "दुकानात केवढ्याला आहे माहीत आहे का? आणि कापड म्हणाल तर जेमतेम मीटरभर," असे म्हणून वहिनीने विषय संपवला. आईने चष्मा लावून फोटो पाहिला, "सलवारच की ही," असे म्हणाली आणि वर एक सूचना केली, "शिवतेच आहेस तर वाढत्या अंगाची शीव."

हॅरम पँटचा आणि वाढत्या अंगाचा उभा दावा आहे, हे आईला पटवणे माझ्या आवाक्यातले नव्हते. वाढत्या अंगाच्या कपड्यातला सैलपणा पुढच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवलेला असतो. हॅरम पँटमधला सैलपणा आजच, ताबडतोब आणि मुद्दाम दिसावा लागतो. तो मुद्दाम केला आहे हे बघणाऱ्याला कळावे म्हणूनच कंबर आणि घोटा ही दोन ठिकाणे काटेकोर ठेवायची असतात. तेवढी नेमकी बसली, की मधल्या सगळ्या कारभाराला फॅशन म्हणतात. ती चुकली, की त्याच कारभाराला थोरल्या भावाची विजार म्हणतात. बाकी या विजारीच्या वाट्याला जगात टीकाच जास्त आली आहे. १८५१ साली अमेरिकेत अमेलिया ब्लूमर आणि त्यांच्या मैत्रिणी आखूड झग्याखाली तुर्की धाटणीची घोळदार विजार घालू लागल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. पुढे १९११ च्या सुमारास पॅरिसमध्ये पॉल प्वारे यांनी तोच घोळ श्रीमंत बायकांसाठी बेतला, तेव्हा पुन्हा गहजब झाला. त्या मंडळींना निदान आमच्या दादासारखा भाऊ नसावा. दादाने जमिनीवर बेतून ठेवलेले कापड पाहिले आणि "यात पाय कुठून घालायचे ते खडूने लिहून ठेव," एवढे बोलून तो चहा प्यायला गेला.

पण बेतण्याच्या आधी मापे घ्यायची होती, आणि खरी कसोटी तीच होती. मोजपट्टी बाहेर काढताच ती प्रथम साप झाली, मग आगगाडी झाली, मग ती डॉक्टरांची नळी होऊन माझ्याच छातीला लागली. त्यानंतर बाहुलीचे माप घेतल्याशिवाय माझे घेऊ देणार नाही, अशी अट पडली. बाहुलीची कंबर सहा इंच भरली आणि ती मी वहीत खरोखर लिहिली आहे की नाही, याची वहीत डोके घालून तपासणी झाली, वाचता येत नसतानाही. मग भाची एकदाची उभी राहिली, परंतु पट्टी पोटाला लागताच तिला गुदगुल्या झाल्या आणि पोट आत गेले. हसणे थांबल्यावर ते बाहेर आले आणि ते किती बाहेर येईल, हे पूर्णपणे तिच्या मर्जीवर होते. त्यातून दिवस मे महिन्याचे. सकाळी न्याहारीपूर्वी साडेएकोणीस भरलेली कंबर आमरस-पुरी झाल्यावर एकवीस भरली. शिवणाच्या पुस्तकात कंबरेचे माप कसे घ्यावे हे लिहिलेले असते, कोणत्या जेवणानंतर घ्यावे हे लिहिलेले नसते. मी वीस धरली, इलास्टिक अठरा इंच आणि वर जोडाला एक इंच घेतले, आणि उरलेला प्रश्न आंब्याच्या हंगामावर सोपवला. कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची बावीस इंच भरली; हे माप मात्र ती कपाटाच्या दारावर चढायचा प्रयत्न करत असताना पाठीमागून घेतले, कारण तेव्हाच तिचा पाय सरळ होता.

कापड सुती घेतले, चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, आणि रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच त्याला कातर लावली. कोरे सुती कापड तसेच शिवावे आणि पहिल्या धुण्याला ते आटावे, असले धाडस लेकराच्या कपड्यात करू नये. मग आला आसनाचा, म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतच्या उंचीचा, प्रश्न. वहिनीच्या फोटोतले आसन थेट गुडघ्यापर्यंत उतरलेले होते आणि तिला ते तसेच हवे होते. भाचीच्या साध्या पायजम्याचे आसन आठ इंचांचे. गुडघ्यापर्यंत न्यायचे तर ते तेरा इंच होणार. आता आसन जितके खाली जाईल तितका पाय फाकायला वाव कमी उरतो, आणि तो वाव परत मिळवायचा असेल तर घेर वाढवावा लागतो. घेर वाढवला की कंबरेला चुण्यांचा गठ्ठा होतो आणि मूल पुढून गरोदर दिसू लागते. फोटोतल्या मुलाला जिना चढायचा नव्हता. आमच्या घराला सतरा पायऱ्या आहेत आणि भाची त्या एक सोडून एक चढते. बऱ्याच वाटाघाटींनंतर आसन साडेदहा इंचांवर, म्हणजे मांडीच्या मध्यावर, ठरले. घेर छत्तीस इंचांचा झाला. आणि दोन पायांच्या मधे मी गुपचूप चौकोनी मियानी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, बसवली, जिचा पत्ता वहिनीला अजून नाही. उकिडवे बसून मुंग्यांची रांग बघायची असेल, तर मियानीला पर्याय नाही. मागची बाजू पुढच्यापेक्षा इंचभर उंच ठेवली, कारण बसल्यावर कापड मागूनच कमी पडते, आणि पुढे-मागे ओळखता यावे म्हणून पुढच्या बाजूला, नेफ्याच्या, म्हणजे इलास्टिक ओवायच्या दुमडीच्या, खाली एक लाल बटण लावले.

घोट्याला वहिनीच्या फोटोप्रमाणे ताणल्या जाणाऱ्या होजिअरीची पट्टी हवी होती. आमच्या पायमशीनला सरळ टीप सोडून दुसरे काही येत नाही, आणि होजिअरीला सरळ टीप मारली की कापड ताणले जाते, दोरा ताणला जात नाही आणि पहिल्याच ओढीला कडकड आवाज होऊन सगळे मोकळे होते. शिवाय मोहरीचे, म्हणजे विजारीच्या पायाच्या तोंडाचे, एक कोडे असते: घोटा सहा इंचांचा, पण तिथे पोहोचण्यासाठी वाटेत आठ इंचांची टाच ओलांडावी लागते, आणि तीही स्वस्थ न बसणाऱ्या मुलाची. म्हणून मी घोट्यालाही नेफाच केला आणि त्यात बारीक इलास्टिक ओवले. ओवताना सेफ्टीपिन नेफ्याच्या मध्यावर उघडली. ती कापडाच्या आत, चुण्यांच्या गर्दीत, दिसत नसताना चिमटीने बंद करणे हे काम मी माझ्या शत्रूलाही सांगणार नाही. दादाला मात्र सांगून पाहिले.

एवढे झाल्यावर गिऱ्हाइकाने तोंड उघडले. "खिसा कुठे आहे?"

वहिनी म्हणाली, खिशाने सगळा डौल बिघडेल. आई म्हणाली, खिसा असावा, रुमाल राहतो. भाचीने रुमालाचे नाव काढले नाही. तिच्या मनात जे होते ते तिने आणून दाखवले: चिंचोके, एक प्लास्टिकची मगर, अंगणातली खडी आणि अर्धे बिस्कीट. बाजूच्या शिवणीत खिसा घातला असता, तर एवढ्या ओझ्याने अठरा इंचांचे इलास्टिक सपशेल शरण आले असते. उरलेल्या कापडातून पुढे एक ठिगळखिसा लावला, तोंडाशी दुहेरी टीप मारली आणि नेफ्यात इलास्टिकबरोबर नाडीही ओवली, काज करून तिची टोके बाहेर काढली. नाडी पाहून आईचा माझ्या शिक्षणावरचा विश्वास परत आला.

पँट घातल्यावर भाची प्रथम लाल बटण पाठीवर येईल अशी उभी राहिली, कारण बटण इतरांना दिसायला हवे, तिला स्वतःला नाही. फिरवून घालायला ती तयार होईना. त्याही अवस्थेत ती सतरा पायऱ्या चढली, उतरली, मांडी घालून बसली, उकिडवी बसली, कोलांटी मारली, आणि कुठेही काही उसवले नाही, याची नोंद मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात केली. वहिनीने फोटो काढायचा प्रयत्न केला. तिच्या मोबाइलमध्ये एक हळदी रंगाचा फराटा आला आहे आणि तो तिने नातेवाइकांना पाठवला आहे. पँट धुवायला काढून घेण्यावरून मात्र रोज रात्री रडारड होते, त्यामुळे त्याच कापडाची दुसरी शिवावी असा वहिनीचा आग्रह आहे, या वेळी आसन गुडघ्यापर्यंत घेऊन.

दादा दोन-तीनदा शिलाई मशीनजवळून उगाच गेला. शेवटी कोणी नाही असे पाहून त्याने विचारले, रात्री झोपताना घालायला त्याच्या मापाची अशी एक होईल का आणि कापड किती लागेल. मी अडीच मीटर सांगितले. खिसे दोन हवेत, नाडी नको आणि वहिनीला इतक्यात सांगू नकोस, असे म्हणून त्याने खालच्या आवाजात मगरीचा खिसा किती इंचांचा आहे तेही विचारून घेतले.