आठ दिवसांत ऑपरेशन

"इथे पैसे भरले की आठ दिवसांत ऑपरेशन. तुमच्या लीड्सला रांगेतच म्हातारपण येतं." ताईच्या दिरांनी ठाण्याहून हे घरच्या ग्रुपवर टाकलं त्याला आठवडा झाला. इथे इंग्लंडात रोज रात्री कचरा बाहेरच्या बिनमध्ये टाकून आलो की ते पुन्हा वाचतो आणि पुन्हा चिडतो.

ताईला मार्फान सिंड्रोम हा जन्मजात आजार आहे. फायब्रिलिन हे प्रथिन सदोष, त्यामुळे शरीराला धरून ठेवणाऱ्या ऊतीच कच्च्या. मणक्यातल्या पाण्याची पिशवी, म्हणजे ड्युरा, कमरेखाली फुगत जाते. मार्फानच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत ती फुगलेली सापडते, अनेकांना काही त्रासही होत नाही. ताईची मात्र झिरपते आहे. उभी राहिली की डोकं फुटायला येतं, आडवी झाली की उतरतं. व्हिडिओ कॉलवर ती नौपाड्याच्या हॉलमध्ये चटईवर पडलेली दिसते. चहासुद्धा स्ट्रॉने.

आठ दिवसांत होईल हो, पण शिवणार कशाला? असा ड्युरा टाक्यापाशीच फाटू शकतो, गळती परत सुरू होते. म्हणून आधी विश्रांती, मग ब्लड पॅच, म्हणजे तिचंच रक्त पिशवीबाहेर सोडून गळती बुजवायची. त्यानेही भागलं नाही तर ऑपरेशन, तेही गळती नेमकी कुठे आहे ते शोधून. आणि भूल देण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवाच, कारण याच आजारात हृदयातून निघणारी महाधमनी फुगते. दिरांनी पाठवलेल्या फायलीत कमरेचा एमआरआय आहे, इको नाही. इथे माझ्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, पहिल्याच भेटीत इको लिहून दिला होता.

हो, माझ्या. आईकडून आलेला तोच दोष माझ्यातही आहे. चार वर्षं झाली, घरी सांगितलेलं नाही. एमआरआयसाठी मी पाच महिने थांबलो, तेही ग्रुपवर लिहिलं नाही. दिरांच्या हाती कोलीत द्यायचं नव्हतं. पण रिक्षा आणणं, रिपोर्टसाठी धावणं, रात्री ताईला हाताला धरून बाथरूमपर्यंत नेणं, हे सगळं दीर आणि जाऊबाईच करतात. मी इथून इको, इको करत बसतो. माझं म्हणणं चूक नाही, पण त्या घरात मी आता पाहुणाच.

काल ताईने पडल्यापडल्या फोन तोंडाशी धरून विचारलं, "तुझी पाठ कशी आहे रे?" मी म्हटलं, "बरी आहे." ती बराच वेळ काही बोलली नाही.