तेल क्लचला नको, क्लचच्या सांध्यांना हवं

जुन्या गार्डन ट्रॅक्टरबद्दल एक सल्ला सध्या हातोहात पसरतोय. क्लच जड झाला, आवाज करतो किंवा अडकतो? मग खोलायची गरज नाही. हाऊसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) खालच्या फटीतून तेल नाहीतर गंज सोडवणारा स्प्रे आत मारा, रिलीज बेअरिंगला (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगला) ग्रीस भरा, पेडल थोडं ताणून म्हणजे त्याची मोकळी चाल कमी करून घ्या, झालं. सोबत कारणंही दिलेली असतात: लोखंडावर लोखंड घासतं तिथे तेल लागतंच, मोटरसायकलचा क्लच तर तेलातच फिरतो, आणि तेल मारल्यावर आवाज जातो हा पुरावा. या सल्ल्याने चांगल्या प्लेटा वाया जातात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"लोखंडावर लोखंड घासतं." नाही घासत. इंजिनासोबत फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील, आणि स्प्रिंगने दाबणारी प्रेशर प्लेट, यांच्यामध्ये क्लच प्लेट असते आणि तिच्या दोन्ही अंगांना लायनिंग म्हणजे घर्षणाचा थर असतो. त्या लायनिंगचं कामच घट्ट धरण्याचं. इंजिनाची ओढ गिअरबॉक्सपर्यंत पोचते ती केवळ या पकडीवर. कोरड्या लायनिंगचा घर्षणगुणांक साधारण ०.३ ते ०.४ असतो. मध्ये तेलाचा थर आला की तो ०.१ च्या आसपास उतरतो. स्प्रिंगचा दाब तेवढाच राहतो, पकड मात्र तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. रिकामा ट्रॅक्टर तरीही चालतो, म्हणून सुरुवातीला काही बिघडलंय असं वाटत नाही. मागे ट्रॉली जोडून चढ लागला की इंजिन ओरडतं आणि चाक मात्र रेंगाळतं. त्या घसरण्याने प्लेट तापते, तेल जळून लायनिंगवर काचेसारखी चकाकी येते, आणि मग पकड आणखी कमी होते.

"मोटरसायकलचा क्लच तेलात चालतो." बहुतेकांचा चालतो, हे खरं. पण तो तेलासाठीच बनवलेला असतो. लायनिंगचा माल वेगळा, आणि कमी पकड भरून काढायला एकावर एक अनेक प्लेटा. जुन्या गार्डन ट्रॅक्टरच्या कोरड्या क्लचमध्ये प्लेट एकच. काही ट्रॅक्टरांत तर प्लेटच नसते. पेडल दाबलं की ताण देणारी पुली मागे सरते आणि बेल्ट ढिला पडतो, एवढाच त्यांचा क्लच. तिथे स्प्रे मारला तर बेल्ट घसरायला लागतो. त्या पुलीचा दांडा ज्या खिळीवर फिरतो ती खिळी गंजली असेल तर तिथे तेलाचे दोन थेंब जरूर द्यावेत. आपल्या ट्रॅक्टरात नेमकं काय आहे हे खाली वाकून बघितल्याशिवाय कुठलीच बाटली उघडू नये.

"तेल मारल्यावर आवाज गेला." आधी आवाज कधी येतो ते ऐका. पेडल दाबल्यावर कर्कश आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. पेडल मोकळं असताना येतो आणि दाबलं की थांबतो, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. बेअरिंगमधली झिजलेली गोळी तेलाने चार दिवस गप्प बसते, पण तिची झीज भरून येत नाही. आणि गिअर टाकताना खर्र होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. तिथे तेलाचा संबंधच नाही.

"बेअरिंगला भरपूर ग्रीस द्या." बरीच रिलीज बेअरिंग सीलबंद असतात. ती डिझेलने धुतली तर आतलं ग्रीस निघून जातं आणि ती लवकर संपतात. काहींना कार्बनची रिंग असते, तिला ग्रीस अजिबात चालत नाही. ग्रीस भरायचं तोंड म्हणजे निपल असेल तरच ग्रीसगन लावा आणि पुस्तिकेत सांगितलंय तेवढंच द्या. जास्तीचं ग्रीस फिरताना बाहेर फेकलं जातं आणि ते जाऊन बसतं प्लेटवर. मी उघडलेल्या एका हाऊसिंगमध्ये आतल्या भिंतीवर ग्रीसचं गोल कडं उमटलेलं होतं. मालकाने दर महिन्याला इमानाने ग्रीस भरलं होतं, फार वाईट वाटलं.

"घसरत असेल तर पेडल ताणून घ्या." या मुद्द्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. पेडलला सुरुवातीला थोडी मोकळी चाल हवीच. लायनिंग झिजत जातं तशी ही चाल आपोआप कमी होते. ती संपली की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर (रिलीज लीव्हरवर) सतत टेकून राहतं, म्हणजे कोणी कायम पेडलवर पाय ठेवून बसल्यासारखं. त्यामुळे घसरणाऱ्या क्लचची मोकळी चाल आधी वाढवून बघायची, कमी करायची नाही. अंतर किती बारीक असतं याचा अंदाज द्यायचा तर, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जुन्या गिअरवाल्या कब कॅडेटमध्ये रिलीज लीव्हर आणि बेअरिंग यांच्यात ०.०५० इंच, म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर ठेवतात. ते डोळ्याने नाही, फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी मोजायचं.

तेल लागतं ते इथे: पेडलचा शाफ्ट, जोडदांड्यांच्या पिना, रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचे सांधे. पेडल जड होण्याचं कारण पुष्कळदा इथेच असतं. क्लच खोललाच असेल तर इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (प्लेट ज्यावर सरकते त्या खाचांवर) उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा हात पुसल्याइतका पातळ थर द्यावा, प्लेट एकदा पुढेमागे सरकवावी आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून घ्यावं.

ट्रॅक्टर ओलीत बरेच महिने उभा राहून प्लेट फ्लायव्हीलला चिकटली असेल, तर इंजिन बंद ठेवून पेडल दाबावं आणि लाकूड अडकवून रात्रभर तसंच ठेवावं. नाही सुटली तर खोलावं. चिकटलेल्या क्लचचा ट्रॅक्टर गिअरमध्ये कधीही सुरू करू नका, पेडल दाबलेलं असलं तरी तो पुढे झेपावतो.

तेल प्यालेली प्लेट पेट्रोलने धुऊन किंवा जाळून कोरडी करतात, तेही उपयोगाचं नाही. तेल लायनिंगच्या आत मुरलेलं असतं, तापलं की पुन्हा वर येतं, आणि पेट्रोलने आग लागण्याची भीती वेगळीच. प्लेट बदला. पण त्याआधी तेल आलं कुठून ते शोधा. इंजिनाचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गळत असेल तर नवी प्लेटही त्याच वाटेने जाते. फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने पुसा, आणि जुन्या लायनिंगची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि फडकं पिशवीत बंद करून टाका.