किल्लारीवरून आपण चुकीचा धडा घेतला

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास सोलापुरात आमच्या घरातली मांडणीवरची भांडी वाजू लागली, तेव्हा मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन आटोपून उशिरा झोपलेली आमची सगळी गल्ली पांघरुणासकट रस्त्यावर आली होती. आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, किल्लारी-सास्तूरच्या परिसरात, भूकंपाने जवळपास १० हजार माणसे आपापल्या घरांखाली गाडली गेली आहेत, हे कळायला दिवस उजाडावा लागला. त्यानंतर आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली: दगडमातीचे घर म्हणजे मरण आणि स्लॅबचे घर म्हणजे सुरक्षितता. तीस वर्षे बांधकामाच्या व्यवसायात काढल्यानंतर मला ही समजूत अर्धवट, आणि म्हणून अधिक धोकादायक, वाटते.

किल्लारीच्या भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहूनही रुंद होत्या. पण त्या एकसंध नव्हत्या. आतून एक आणि बाहेरून एक अशी दगडांची दोन तोंडे, मधे दगडगोट्यांची आणि मातीची भर, आणि दोन्ही तोंडांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड जवळजवळ कुठेच नाही. जमीन हलताच ही तोंडे फुगून एकमेकांपासून सुटली आणि माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची, जाड माती खाली आली. मात्र कित्येक घरांत भिंती ढासळल्यावरही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा होता. दोष दगडापेक्षा दगडांच्या न जुळण्यात होता. म्हणूनच ५२ गावे नव्या जागी वसवतानाच, इतर शेकडो गावांत आहे त्याच घरांच्या भिंतींत ठराविक अंतरावर आरपार सांधे घालण्याचे आणि दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून अखंड पट्टा फिरवण्याचे काम हाती घेतले गेले. हे उपाय गावातल्या गवंड्याला जमणारे होते. ते आपण विसरलो आणि फक्त ‘स्लॅब’ हा शब्द लक्षात ठेवला.

स्लॅबच्या इमारतीही पडतात, हे २६ जानेवारी २००१ रोजी भूजच्या भूकंपाने दाखवले. केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या आणि त्यांतल्या अनेकींची रचना आपल्या ओळखीची आहे: वर विटांच्या भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली पार्किंगसाठी मोकळे सोडलेले नुसते खांब. हादरा बसला की सगळी हालचाल त्या एका मोकळ्या मजल्यात एकवटते. जुळे सोलापूर किंवा होटगी रस्त्यावरून एकदा या नजरेने फेरी मारून पाहावी.

खांबातल्या उभ्या सळ्यांना बांधून ठेवणाऱ्या रिंगांचेही तेच. रिंगेचे टोक आत, गाभ्यात वळवायचे असते. ते काटकोनात सोडले, तर वरचे काँक्रीट निघताच रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फाकतात. या वळणाला जादा लोखंड फारसे लागत नाही, लागतो तो सळई वाकवणाऱ्याचा थोडा वेळ. एका साइटवर मी हे सांगितले, तेव्हा मिस्त्री शांतपणे म्हणाले, “साहेब, चाळीस वर्षं असंच करतोय, एक तरी घर पडलं का?” त्यांचे खरे होते. पण त्या चाळीस वर्षांत त्यांच्या एकाही घराची परीक्षा झालेली नव्हती. किल्लारीसुद्धा १९९३ पर्यंतच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. २००२ च्या नकाशात सोलापूर तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागात होते.

तग धरणे ही अर्धीच गोष्ट झाली. संकट ओसरल्यावर माणूस किती दिवसांत घरी परततो, याचा विचार आपण घराचा नकाशा काढताना करतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानंतर माढा तालुक्यातल्या एका गावात मी गेलो होतो. पाण्यात उभ्या राहिलेल्या काही मातीच्या भिंती पाणी ओसरल्यावर, कडक ऊन पडल्यावर ढासळल्या, कारण खालचा भिजलेला थर वरचे वजन पेलू शकला नाही. शेजारची सिमेंटची घरे शाबूत होती, पण तिथेही लोक राहू शकत नव्हते: विजेचा बोर्ड कमरेच्या उंचीवर, ज्वारीची पोती जमिनीवर आणि कपाटे फुगलेल्या प्लायवूडची. ज्या एका घराचे जोते जुन्या पद्धतीने चांगले उंच होते आणि बोर्ड डोक्याच्या वर होता, तिथे चुलीवर भाकऱ्या चालू होत्या. काळ्या मातीचा प्रश्न वेगळाच. ती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, त्यामुळे पाया मुरूम लागेपर्यंत नेला नाही, तर पूर न येताही भिंती तडकतात.

आगीबद्दल एकच सांगतो. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले. कारखाना आणि राहण्याची जागा एकत्र असणे ही आपल्या शहराची जुनी रीत आहे, आणि ती एका दिवसात बदलणार नाही. पण सुतापासून लांब असलेला दुसरा जिना आणि आतून उघडणारी खिडकीची जाळी यांसाठी ती रीत बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. चोराच्या भीतीने आपण जाळ्या भिंतीत कायमच्या गाडतो, हे मला फार खटकते.

आता माझे स्वतःचे. २००४ मध्ये बांधलेल्या माझ्या घराखाली मोकळे पार्किंगच आहे; अहमदाबादचे फोटो पाहूनही मी ते केले, कारण प्लॉट लहान होता आणि गाडी रस्त्यावर लावायची नव्हती. यंदा दिवाळीनंतर दोन्ही दिशांना कोपऱ्यांतल्या खांबांमध्ये, पायापासून वरच्या बीमपर्यंत, काँक्रीटच्या भिंती घालून घेतो आहे. दोन गाड्यांपैकी एकीची जागा जाणार आहे, त्यावरून घरात अजून वाद चालू आहे.