नॉमिनी मीच आहे ना!

सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली की घराघरांतलं काय काय बाहेर येतं, ते कोथरूडमध्ये सेक्रेटरीपद सांभाळताना रोज बघतोय. बिल्डरचा वकील प्रत्येक फ्लॅटची कागदपत्रं मागतो, आणि मग कळतं की कित्येक फ्लॅट अजून गेलेल्या माणसाच्याच नावावर आहेत. विचारलं की ठरलेलं उत्तर : "अहो, नॉमिनी मीच आहे ना!"

नॉमिनी मालक नसतो हो. सोसायटी त्याच्याशी पत्रव्यवहार करते, बँक त्याच्या हातात पैसे देते, पण ते त्याने वारसांच्या वतीने सांभाळायचे असतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा सांगितलं. आता नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, तर लोकांना वाटतंय मृत्युपत्राची कटकट वाचली. कसली वाचतेय!

आमच्या एका काकूंचंच बघा. फ्लॅट काकांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनी काकू, मृत्युपत्र नाही. काका गेल्यावर घर आपलंच, ही काकूंची पक्की समजूत. पण मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि आई हयात असेल तर तीही, या सगळ्यांना सारखा वाटा. काकूंच्या सासूबाई नव्वदीच्या, सांगलीला धाकट्या दिरांकडे असतात. म्हणजे ज्या घरात सगळा संसार केला त्यात काकूंचे फक्त चार आणे. मुलगी इथेच आहे, हक्कसोडपत्रावर उद्या सही करेल. मुलगाही तयार आहे, पण तो अमेरिकेत, ऑस्टिनला. एक तर त्याने रजा काढून यायचं, नाही तर ह्यूस्टनच्या भारतीय कॉन्सुलेटमधून कुलमुखत्यारपत्र करून पाठवायचं. आणि सासूबाईंच्या वाट्याचं काय, हे विचारायला दिरांचे फोन सुरू झालेत. यात वाईट कुणीच नाही. काकांनी दोन पानं लिहून ठेवायला हवी होती, एवढंच.

त्या दोन पानांना स्टॅम्प पेपरसुद्धा लागत नाही. साधा कागद, आपली सही आणि समोर दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला तर नकोच. वय झालं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. कागद कुठे ठेवलाय ते घरात सांगा. एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये मृत्युपत्र ठेवणारे महाभागही पाहिलेत!

आणि मजकुरात मुलांची वाटणी करण्याआधी बायकोची सोय करा. "दोन्ही मुलांना निम्मं निम्मं" असं लिहून मोकळे होतात आणि ती बिचारी कुठे राहणार, याचा शब्द नसतो. मला विचाराल तर राहतं घर सरळ तिच्या नावे लिहावं. मुलांचं पुढे ती बघेल.

याच्या उलट टोकाचे लोकही भेटतात. राहतं घर मुलांना बक्षीसपत्राने द्यायला स्टॅम्प ड्यूटी 200 रुपये (स्थानिक अधिभार वेगळा), हे कुठेतरी वाचतात आणि हयातीतच सगळं देऊन टाकतात. मृत्युपत्र दहा वेळा बदलता येतं, बक्षीसपत्र असं मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. सांभाळण्याची अट घालून दिलं असेल आणि मुलांनी ती पाळली नाही, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून मागता येतं, हे खरं. ज्यांना पंच्याहत्तरीनंतर पोटच्या पोराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जायची हौस आहे, त्यांनी जरूर करावं.