निपाणीकरांना उत्तर: बटाट्याचं कूळ आणि माझा आगाऊपणा

नमस्कार निपाणीकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागानं. बेळगावच्या बाजारात बटाटा नि रताळं शेजारी मांडतात ते चूक, कारण वनस्पतिशास्त्रात दोघांची कुळं वेगळी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, "वांग्याला तंबाखूचा भाऊ ठरवून शेतकऱ्याला काय मिळणार? आणि बाजाराला अक्कल शिकवणारे तुम्ही कोण?"

दुसऱ्या प्रश्नावर हात जोडतो. बाजारवाल्याला माल किती टिकतो, जुडीनं जातो की किलोनं, एवढंच बघायचं असतं. पालेभाजी संध्याकाळी माना टाकते, बटाटा-रताळं पोत्यात पडून राहतं. मग ती शेजारीच बसणार. घरात तर तिसरीच मांडणी. एकादशीला बटाटा, रताळं, मिरची चालते. ही तिन्ही अमेरिकेतून समुद्र ओलांडून आलेली. इथलं वांगं मात्र दाराबाहेर. आईला याचं कारण विचारायची माझी छाती नाही.

पण 'काय मिळणार' हे मी सोडणार नाही. बटाटा, टोमॅटो, वांगं, संकेश्वरी मिरची आणि तुमच्या निपाणीचा तंबाखू, सगळे सोलॅनेसी कुळातले. (कूळ म्हटलं की आपल्याकडं आधी कूळकायदाच आठवतो, ते सोडा.) बटाट्याचं फूल वांग्याच्या फुलाशेजारी धरून बघा: तीच पाच टोकांची चांदणी, मधे तोच पिवळा झुबका. रताळ्याचं फूल कर्ण्यासारखं. त्याची सख्खी बहीण म्हणजे ओढ्याकाठची बेशरम!

हे मला फुलांनी नाही, नुकसानीनं शिकवलं. पावसाळी बटाटा काढला आणि त्याच वाफ्यात टोमॅटो लावला. हिरवीगार झाडं भर दुपारी मलूल व्हायची, संध्याकाळी सावरायची. मग एक दिवस सावरलीच नाहीत. मर रोग. त्याचे जिवाणू मातीत दबा धरून राहतात, आणि बटाट्यावर पोसलेले टोमॅटो, वांगी, मिरचीलाही धरतात. फेरपालट करायची तर नुसतं पीक बदलून भागत नाही, कूळ बदलावं लागतं. बाजारातली मांडणी मला हे कधीच सांगणार नव्हती.

तुमचं एक वाक्य मात्र अजून घोळतंय: "तुमच्या झाडात शेजार दिसत नाही." झाड म्हणजे माझी ही कुळांची वंशावळ. खरं आहे. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या 1876 च्या दशांश पद्धतीनं आज ग्रंथालयात मराठी भाषेचा क्रमांक 491.46, कन्नडचा 494.814. एक इंडो-आर्यन, दुसरी द्राविड, जन्माचं नातं काही नाही. आणि आपल्या घरात? अण्णा, अक्का, पानावरचं तूपसुद्धा कन्नडकडून आलेलं. वंशावळीत जन्म कळतो, बांधाला बांध लागलेला कळत नाही. आपल्याकडचे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 मध्ये पुस्तकं लावायची कोलन वर्गीकरण ही पद्धत काढली ती याच अडचणीपायी असावी, असं मला वाटतं. तिथं विषय, स्थळ, काळ असे पैलू वेगवेगळे घेऊन चिन्हांनी जोडतात. पुस्तकाला तयार फांदीवर कोंबावं लागत नाही. तरी शेवटी पुस्तक कपाटात एकाच जागी उभं राहतं, त्याला रंगनाथन तरी काय करणार!

मागच्या लेखातला 'चूक' हा शब्द काढून टाकलाय. त्या वाफ्यात यंदा मका आहे. तंबाखूच्या रानात तुमच्याकडं पुढं मिरची लावतात का, आणि लावली तर काय होतं, ते तेवढं लिहा.