उलट्या काळजाची गाडी

अडीचशे सीसीची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल दारात उभी केली तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "एवढ्यात बैल आला असता." बैलाचं महत्त्व मला पुढे पावसाळ्यात कळलं.

2000 साली धुराचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली एकेक करून शोरूममधून गेल्या. माझी त्याआधीची. मी तिला बटनाचे टायर चढवले, सायलेन्सर उंच केला. मडगार्ड तेवढं जुनंच ठेवलं, दिसायला बरं म्हणून. गावातली पोरं तिला डर्टबाईक म्हणाली. आई म्हणाली, डबडं.

या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरची भोकं उघडतो आणि झाकतो. त्यामुळे इंजिन सुलटं फिरलं काय नि उलटं काय, त्याला सारखंच. प्लगच्या ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे सरकलेलं असलं आणि किक अर्धवट पडली की कधीकधी ते सरळ उलटंच सुरू होतं. हे मला चैत्रात समजलं. शेजारच्या काकूंनी खाटेवर लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. गाडी दुसऱ्याच किकला सुरू झाली म्हणून मी खूश. आवाज जरा घोगरा वाटला, म्हटलं सकाळचा गारवा. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी मागे निघाली. खाट, लुगडं, कुरडया, सगळं घेऊन.

"अगा, समोर पायत मांगं येतं का कोनी!" काकू ओरडल्या. त्या वर्षी आमच्याकडे कुरडया आल्या नाहीत.

पेट्रोलमध्ये लिटरला 40 मिली ऑईल घालावं लागतं. मापाला खोकल्याच्या औषधाचं झाकण. दहाचं झाकण, चार वेळा. आता घरात कोणाला खोकला झाला की झाकण सापडत नाही, आणि सापडलं तर औषध कोणी घेत नाही. ऑईल जास्त पडलं की प्लग काळा, कमी पडलं की पिस्टन जाम. लग्नाला जातानासुद्धा माझ्या खिशात रुमालाऐवजी प्लग-पाना असतो. पहिल्यांदा गल्लीतून गेलो तेव्हा धूर पाहून डासांची फवारणी आली समजून बायांनी भराभर पाण्याचे गुंड झाकले.

आणि ही गाडी खालच्या रेसला म्हातारी असते. ॲक्सिलरेटरचा कान पिळत राहा, काही नाही, काही नाही, आणि मग एकदम अंगात आल्यासारखी सुटते. डांबरी रस्त्यावर ठीक आहे. आमच्याकडे वावरात जायला पांदण आहे, आणि पांदणीत काळी माती.

काळ्या मातीचा गारा ज्याने पायाने तुडवला नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. तो नुसता चिकटत नाही, मुक्कामाला येतो. जुलैत डवऱ्याची, म्हणजे कोळप्याची, दांडी पोचवायला निघालो. शंभर पावलांत चाक नि मडगार्ड यांच्यामधली फट गाऱ्याने भरली. चाक फिरेना. मी रेस दिली, इंजिन बोंबललं, क्लचचा वास सुटला. मग काडीने गारा कोरायचा, दहा पावलं ढकलायचं, पुन्हा कोरायचं. घरापासून वावर दीड किलोमीटर. तेवढ्यात मागून बाबा बैलबंडीवर आले. काही बोलले नाहीत. दोर फेकला. त्यांनी बोलायला पाहिजे होतं, खरं सांगतो.

मात्र या गाडीचा एक उपयोग गावानेच शोधला. हिवाळ्यात तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, घुसतात, आणि फटाक्यांना ते आता सरावलेत. एका रात्री साडेअकराला शेजारचे काका दाराशी आले.

"रोही आले. गाडी घेऊन चाल, तिच्या आवाजानं पयतीन."

गेलो. धुऱ्यापर्यंत, म्हणजे वावराच्या बांधापर्यंत, गाडी छान आली आणि तिथं बंद पडली. सात-आठ रोही बॅटरीच्या उजेडात तुरीच्या शेंगा खात आमच्याकडे पाहत होते. मी किक मारली. पुन्हा मारली. चौदाव्यांदा तिने किक परत मारली, नडगीवर, आणि मी जी बोंब ठोकली ती पलीकडच्या गावात ऐकू गेली म्हणतात. कळप धुरे ओलांडत पार नाल्यापर्यंत पळाला.

आता काका येतात तेव्हा आधीच सांगतात, "गाडी राहू दे बाप्पा. तू निसता ये."